कंठावरच्या खुणा

स्वरयंत्रावर बाहेरून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपुढची पहिली अडचण ही, की ज्या जागी पोहोचायचं ती जागा दिसतच नाही. पुरुषांचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात, स्त्रियांचे त्याहून आखूड. ते कूर्चेच्या भिंतीआड असतात. त्या भिंतीवर स्नायूंचे पट्टे, त्यांच्यावर चरबी आणि सगळ्यांत वर त्वचा. या भिंतीत छिद्र करायचं तर ते नेमकं स्वरतंतूच्या पातळीवर पडायला हवं. काही मिलिमीटरची चूक झाली तरी आवाज सुधारत नाही, कधी अधिकच बिघडतो.

तरीही या शस्त्रक्रिया जगभर होतात आणि माणसांना त्यांचा आवाज परत मिळतो. त्याचं कारण त्या भिंतीवरच आहे. तिथे काही पक्क्या खुणा आहेत: वरच्या कडेची एक खाच, खालची एक कड, दोन कूर्चांमधली एक मऊ फट, मागच्या बाजूला एक बारीक शिंग. कंठावरच्या शस्त्रक्रियेचं कौशल्य म्हणजे या खुणा बोटांनी ओळखणं, त्यांच्यातलं अंतर मोजणं आणि त्यावरून न दिसणाऱ्या जागेचा ठाव घेणं. पुढच्या सगळ्या उदाहरणांत एक सूत्र पुन्हा पुन्हा दिसेल. एकटी खूण फसवू शकते. दुसऱ्या खुणेशी ताडून पाहिलेली खूण क्वचितच फसवते.

मान चाचपताना

हनुवटी जरा वर करा आणि तर्जनी हनुवटीखालून मधल्या रेषेत हलक्या हाताने खाली आणा. आधी एक हाड लागेल. ते हायॉइड. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी याचा सांधा नाही. स्नायू आणि अस्थिबंधांनी ते जागच्या जागी तोललेलं असतं. त्याखाली थोडा खोलगट भाग, आणि मग एक ठसठशीत खाच. ही थायरॉइड कूर्चेची वरची खाच. या कूर्चेचे दोन पत्रे समोर एकमेकांना जुळतात. पुरुषांमध्ये ते साधारण ९० अंशांच्या कोनात जुळतात, म्हणून कंठमणी पुढे आलेला दिसतो. स्त्रियांमध्ये हा कोन सुमारे १२० अंशांचा, त्यामुळे उंचवटा कमी.

खाचेपासून खाली कूर्चेच्या कण्यावरून बोट घसरू द्या. कूर्चा संपते आणि बोट एका छोट्या मऊ खळग्यात उतरतं. त्याच्या खाली लगेच एक टणक आडवं कडं लागतं, ती क्रिकॉइड कूर्चा. मधला मऊ खळगा म्हणजे या दोन कूर्चांना जोडणारा पडदा, क्रिकोथायरॉइड पटल. क्रिकॉइडच्या खाली श्वासनलिकेची वलयं सुरू होतात. दुसऱ्या ते चौथ्या वलयासमोर थायरॉइड ग्रंथीचा मधला पूल आडवा येतो, आणि शेवटी छातीच्या हाडावरचा खोलगा येतो.

आता बोट तिथेच ठेवून आवंढा गिळा. हायॉइडपासून श्वासनलिकेपर्यंत सगळं एकदम वर सरकतं आणि परत खाली येतं. थायरॉइड ग्रंथी याच यंत्रणेला घट्ट बांधलेली असल्यामुळे तीही सोबत हलते. मानेवरची गाठ पाहताना डॉक्टर रुग्णाला पाणी गिळायला लावतात ते याचसाठी. गिळताना वर जाणारी गाठ बहुधा थायरॉइडची असते.

या सगळ्यांत क्रिकॉइडचं महत्त्व वेगळं आहे. तिचा आकार मुद्रेच्या अंगठीसारखा, समोर अरुंद आणि मागे रुंद. श्वासमार्गातलं हे एकमेव पूर्ण कडं; श्वासनलिकेची वलयं मागच्या बाजूला उघडी असतात. प्रौढ माणसात क्रिकॉइड मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर असते. इथेच स्वरयंत्र संपून श्वासनलिका सुरू होते आणि इथेच घशाची अन्ननलिका होते. १९६१ मध्ये ब्रिटिश भूलतज्ज्ञ ब्रायन सेलिक यांनी या कड्याचाच उपयोग करून घेतला. भूल देताना क्रिकॉइड मागे दाबली तर तिच्यामागची अन्नाची वाट मणक्याला टेकून बंद होते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायचा धोका कमी होतो, अशी त्यांची मांडणी होती. या दाबाचा किती उपयोग होतो यावर आज मतभेद आहेत. पण आत न पाहता, बाहेरच्या एका खुणेवर भरवसा ठेवून आतली क्रिया घडवायची, हा विचार त्यातून स्पष्ट दिसतो.

श्वास अडतो तेव्हा

भूल दिलेल्या किंवा अपघातात सापडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत तोंडातून नळी जात नाही, मास्कनेही हवा आत ढकलता येत नाही, अशी वेळ क्वचित येते. पण येते तेव्हा मेंदूला प्राणवायूविना राहता येईल अशी मोजकीच मिनिटं हातात असतात. त्या वेळी क्रिकोथायरॉइड पटल हे श्वासमार्गाचं सर्वांत जवळचं दार ठरतं. ते त्वचेच्या अगदी खाली असतं, त्याच्यावर मोठा स्नायू किंवा ग्रंथी नसते आणि त्याच्या आत थेट श्वासमार्ग असतो. आत जाणारं पातं खोल गेलं तरी मागे क्रिकॉइडची रुंद बाजू आडवी येते.

या दाराची उंची मात्र साधारण एक सेंटिमीटर. त्याच्या वरच्या भागातून एक बारीक रोहिणी आडवी जाते, म्हणून छेद खालच्या भागात, क्रिकॉइडच्या वरच्या कडेलगत घ्यायचा असतो. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात यासाठी साधी साधनं सांगितली: एक रुंद पातं, एक लवचिक मार्गदर्शक कांडी आणि ६ मिलिमीटरची नळी. पातं आडवं आत घालायचं, धार पायांकडे येईल असं वळवायचं, त्याच्या आधाराने कांडी सरकवायची आणि कांडीवरून नळी.

त्याआधी पटल सापडायला हवं. त्यासाठी शिकवली जाणारी पद्धत आपण नुकत्याच केलेल्या चाचपणीचीच शिस्तबद्ध आवृत्ती आहे. अंगठा आणि मधलं बोट यांनी आधी हायॉइड दोन्ही बाजूंनी धरायचं, मग तसंच खाली थायरॉइड कूर्चेच्या पत्र्यांवर यायचं, तिथून क्रिकॉइडवर. स्वरयंत्र असं दोन बोटांत स्थिर धरलं की तर्जनी मोकळी राहते आणि ती मऊ खळगा शोधते. पूर्ण कंठाची रचना आधी हाताला कळते आणि मग एक जागा निश्चित होते. घाईघाईने एकच खळगा शोधणारं बोट हायॉइडखालच्या खोलगट भागात फसू शकतं, आणि तिथे छेद घेतला तर तो स्वरतंतूंच्या वर पडतो.

ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर गुंतागुंतींची देशव्यापी पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. भूलतज्ज्ञांनी आणीबाणीत या पटलातून बारीक सुई घालण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतले सुमारे ६० टक्के अयशस्वी ठरले होते. पात्याच्या पद्धतीकडे कल वळला तो या निष्कर्षांनंतर. स्थूल माणसांत आणि स्त्रियांत चाचपून जागा ओळखताना अनुभवी हातही चुकतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून धोका आधी लक्षात आला तर भूल देण्यापूर्वीच सोनोग्राफीने पटल शोधून त्वचेवर पेनाने खूण करून ठेवतात. आणि काहीच हाताला लागलं नाही, तर मधल्या रेषेत ८ ते १० सेंटिमीटरचा उभा छेद घेऊन बोटांनी आतली कूर्चा शोधायची, असं तेच मार्गदर्शन सांगतं.

जॅक्सन यांचा इशारा

रुग्णाला दीर्घकाळ नळीतून श्वास घ्यावा लागणार असेल, तर दार खाली हवं. ट्रॅकिऑस्टॉमीमध्ये नळी श्वासनलिकेतच, साधारण दुसऱ्या ते चौथ्या वलयाच्या पट्ट्यात बसवतात. हा नियम आज पहिल्या धड्यात शिकवला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी तो सर्वमान्य नव्हता.

फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक शेव्हालिए जॅक्सन यांच्याकडे श्वासमार्ग आकसलेले रुग्ण येत. त्यांच्या लक्षात आलं, की यातल्या अनेकांवर पूर्वी घाईत ट्रॅकिऑस्टॉमी झालेली होती आणि छेद फार वर, क्रिकॉइडच्या आसपास घेतलेला होता. १९२१ च्या लेखात त्यांनी अशा उंचावरच्या छेदांना स्वरयंत्र आकसण्याच्या मुख्य कारणांत धरलं. कारण रचनेतच आहे. क्रिकॉइड पूर्ण कडं असल्यामुळे आत आलेली सूज बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही. कूर्चेचं आवरण दुखावलं, संसर्ग झाला, की व्रण आतल्या आत वाढतो आणि वाट अरुंद होत जाते. श्वासनलिकेची मागची मऊ भिंत जी लवचीकता देते, ती इथे नसते.

छेद फार खाली घेतला तर दुसरा धोका. तिथे श्वासनलिकेसमोरून छातीतली मोठी रोहिणी तिरकी जाते. नळीने ती झिजली तर जीवघेणा रक्तस्राव होतो. म्हणून सर्जन एक त्रिकोण मनात आखतात, ज्याला जॅक्सन यांचंच नाव आहे. वर क्रिकॉइडची पाया-रेषा, दोन बाजूंना मानेच्या मोठ्या तिरक्या स्नायूंच्या आतल्या कडा आणि खाली छातीच्या हाडावरच्या खोलग्यात टोक. मोठ्या रक्तवाहिन्या या त्रिकोणाच्या बाहेर राहतात. खांद्यांखाली उशी देऊन मान मागे केली की श्वासनलिका वर येते आणि तिची वलयं बोटांना मोजता येतात. मग क्रिकॉइडपासून सुरुवात करून एक, दोन, तीन अशी मोजदाद करत खाली यायचं. मोजण्याला आधी एक पक्की जागा लागते. कंठात ती जागा क्रिकॉइड देते.

क्रिकोथायरॉइड पटलातून श्वासमार्ग उघडण्याची पद्धत जॅक्सन यांच्या इशाऱ्यानंतर कित्येक दशकं बाजूला पडली होती. १९७६ मध्ये ब्रँटिगन आणि ग्रो या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी ६५५ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यानंतर तिच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. आज आणीबाणीत वरचं दार आणि दीर्घ काळासाठी खालचं, अशी वाटणी रूढ आहे.

मज्जातंतूचा ठाव

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या वैद्याने केकाटणाऱ्या डुकराच्या मानेतला एक मज्जातंतू कापला आणि आवाज बंद झाला. त्याच मज्जातंतूची काळजी आज थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सर्जनला असते. मेंदूकडून येणारी ही शाखा थेट स्वरयंत्रात जात नाही. ती छातीत उतरते आणि वळसा घालून परत वर येते: डाव्या बाजूला महारोहिणीच्या कमानीखालून, उजव्या बाजूला हाताकडे जाणाऱ्या रोहिणीखालून. डावा रस्ता लांब असल्यामुळे फुप्फुस, अन्ननलिका किंवा हृदयाच्या आजारांतही डावा स्वरतंतू जास्त वेळा निकामी होतो.

हा मज्जातंतू थायरॉइड ग्रंथीच्या मागून जातो. एका बाजूचा दुखावला तर आवाजातून वारा गळतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही दुखावले तर स्वरतंतू मध्यरेषेजवळ अडकतात, आवाज त्यामानाने ठीक वाटतो, पण श्वास कोंडतो. याचं कारण असं, की स्वरतंतू उघडणारा स्नायू एकच आहे आणि त्याला चालना देणारा मज्जातंतूही हाच.

गलगंडाची शस्त्रक्रिया सुरक्षित करण्याचं मोठं काम स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी केलं. त्यांना १९०९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मज्जातंतूच्या वाटेला न जाणंच सुरक्षित, असं तेव्हा अनेकांना वाटे. बोस्टनच्या फ्रँक लेही यांनी १९३८ मध्ये उलट आग्रह धरला: तो दर वेळी शोधा, डोळ्यांनी पाहा, आणि मगच पुढे जा.

शोधायचा कुठे? खाली श्वासनलिका आणि अन्ननलिकेमधल्या खोबणीत तो सापडतो, पण तिथे जागा बदलते. खालची थायरॉइड रोहिणी कधी त्याच्या पुढून जाते, कधी मागून. सर्वांत स्थिर खूण स्वरयंत्राची स्वतःची आहे. थायरॉइड कूर्चेच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातलं बारीक शिंग जिथे क्रिकॉइडला सांध्याने जोडलेलं असतं, त्याच्या लगेच मागून मज्जातंतू स्वरयंत्रात शिरतो. खालचा रस्ता कसाही असो, शेवटचा मुक्काम इथेच. गाठीने सगळी रचना सरकलेली असते तेव्हा हे शिंग बोटाने शोधून वरून खाली मज्जातंतूचा माग काढतात.

लेही यांचा आग्रह किती योग्य होता हे अपवादांतून कळतं. शंभरात एकाहूनही कमी माणसांत उजव्या बाजूचा मज्जातंतू छातीत उतरतच नाही; मानेतून आडवा थेट स्वरयंत्राकडे येतो. उजव्या हाताची रोहिणी जन्मतःच वेगळ्या जागेवरून निघालेली असली की असं घडतं. खोबणीत तो दिसला नाही म्हणून निर्धास्त झालेला हात अशा माणसात त्याला इजा करू शकतो. शिंगापाशी केलेला शोध मात्र याही माणसात उपयोगी पडतो, कारण प्रवेशाची जागा तीच असते. आता अनेक ठिकाणी स्वरतंतूंच्या पातळीवर विद्युत्-अग्र असलेली श्वासनळी वापरून मज्जातंतू काम करतो आहे का हे ऐकता येतं. ती पडताळणीची आणखी एक पायरी झाली. खुणा ओळखण्याचं काम तिने संपवलेलं नाही.

ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळ आणखी एक नाजूक शाखा असते. ती स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला जाते. ती गेली तर बोलणं चालतं, पण उंच सूर लागत नाही. गायकाला हे नुकसान सोसत नाही. ब्राझीलमधल्या सेर्निया आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या शाखेचे प्रकार मांडले. रक्तवाहिन्यांना ती ग्रंथीच्या टोकापासून एक सेंटिमीटरहून वर ओलांडते, खाली ओलांडते, की टोकाच्याही खाली, यावर धोका ठरतो. वाहिन्या ग्रंथीला अगदी लागून, एकेक करून बांधायच्या, हा सावधपणा त्यातून पक्का झाला.

इशिकींची खिडकी

खुणांवरून माप घेण्याची कला सर्वांत सुंदर रीतीने दिसते ती जपानच्या नोबुहिको इशिकी यांच्या शस्त्रक्रियेत. १९७४ मध्ये त्यांनी थायरॉइड कूर्चेत बदल करून आवाज बदलण्याच्या चार पद्धती मांडल्या. पहिली पद्धत एका बाजूचा स्वरतंतू निकामी झालेल्यांसाठी. तो तंतू मध्यरेषेपर्यंत येत नाही, म्हणून दोन तंतूंमध्ये फट राहते. इशिकींचा विचार सरळ होता: बाहेरून कूर्चेत एक छोटी खिडकी पाडा आणि त्या जागी आत दाब देऊन तंतू मध्यरेषेकडे आणा. तंतूला स्वतःला चिरायची गरज नाही.

खिडकी कुठे, हा सगळा प्रश्न. उत्तर दोन खुणांमध्ये आहे. वरच्या खाचेचा सर्वांत खोल बिंदू आणि मधल्या रेषेतली कूर्चेची खालची कड यांच्यामधलं अंतर मोजतात आणि त्याचा मध्य घेतात. दोन्ही स्वरतंतू समोर जिथे जुळतात ती जागा साधारण या मध्याच्या पातळीवर असते. तिथून मागे, कूर्चेच्या खालच्या कडेला समांतर रेषा आखली की ती स्वरतंतूच्या वरच्या पृष्ठभागाची रेषा. खिडकी या रेषेच्या खाली.

इथे एक फसवी जागा आहे. कूर्चेच्या खालच्या कडेवर मागच्या बाजूला एक टेंगूळ खाली उतरलेलं असतं. ते धरून समांतर रेषा काढली तर रेषा खाली झुकते आणि खिडकी चुकते. म्हणून कड मोजताना ते टेंगूळ वगळायचं. खिडकी मधल्या रेषेपासूनही काही मिलिमीटर मागे ठेवायची; फार पुढे गेली तर आवाज घट्ट, दाबलेला येतो. फार वर गेली तर दाब स्वरतंतूच्या वरच्या पोकळीवर पडतो, आणि तिथलं पातळ आवरण फाटण्याची भीती असते.

आणि शेवटची पडताळणी रुग्णाची. ही शस्त्रक्रिया सहसा जागा बधिर करून, रुग्ण बोलू शकेल अशा अवस्थेत करतात. खिडकीतून दाब देत डॉक्टर त्याला 'आ' म्हणायला सांगतात, आकडे मोजायला लावतात. नाकातून घातलेल्या दुर्बिणीतून आतली हालचाल दिसते. आवाजातला वारा थांबला, स्वर भरीव आला, की मोजलेली जागा बरोबर. मग तिथे सिलिकॉनचा ठोकळा किंवा गोरटेक्सची पट्टी बसवतात. मागची फट मोठी असेल, तर स्वरतंतू फिरवणाऱ्या अरिटेनॉइड कूर्चेला टाका घालून ती वळवण्याची पद्धतही इशिकी आणि सहकाऱ्यांनीच १९७८ मध्ये दिली.

हीच रेषा अगदी वेगळ्या हेतूनेही उपयोगी पडते. १९४७ मध्ये उरुग्वेचे हुस्तो आलोन्सो यांनी स्वरतंतूंच्या वरच्या भागातला कर्करोग काढताना खालचे स्वरतंतू वाचवण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिथे कूर्चा आडवी कापावी लागते, आणि काप स्वरतंतूंच्या वरच पडायला हवा. पुरुषांमध्ये तो कूर्चेच्या मध्याच्या आसपास घेतात. स्त्रियांमध्ये आणखी वर, कारण त्यांचे स्वरतंतू कूर्चेच्या उंचीच्या मानाने वर असतात. एकीकडे त्या रेषेखाली काम करून आवाज परत आणायचा, दुसरीकडे तिच्या वर काम करून आवाज वाचवायचा.

खुणा बदलतात तेव्हा

वयानुसार हा सगळा नकाशा सरकतो. नवजात बाळाचं स्वरयंत्र मानेत बरंच वर असतं. त्याच्या कूर्चा मऊ असतात, हायॉइड थायरॉइड कूर्चेवर आलेलं असू शकतं, आणि खाच हाताला लागत नाही. बाळात क्रिकॉइड हीच त्यातल्या त्यात ठळक खूण. क्रिकोथायरॉइड पटल इतकं लहान असतं, की लहान मुलांत तिथे पात्याने छेद घेणं टाळतात. बाळांच्या ट्रॅकिऑस्टॉमीत श्वासनलिकेचा तुकडा काढत नाहीत. दोन्ही बाजूंना टाके घालून मध्ये उभा छेद घेतात, म्हणजे नळी निसटली तर टाके ओढून दार पुन्हा सापडतं. उलट, उतारवयात कूर्चा हाडासारखी कठीण होत जाते, आणि इशिकींच्या खिडकीसाठी कधी बारीक ड्रिल लागतं. आधीची शस्त्रक्रिया, किरणोपचार, मोठी गाठ यांमुळे खुणा बुजतात किंवा बाजूला ढकलल्या जातात.

म्हणून या विद्येचा पाया पुस्तकातल्या चित्रांवर उभा राहत नाही. तो देहदानातून मिळालेल्या शरीरांवर, शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि निरोगी माणसांच्या माना हजार वेळा चाचपून घडतो. ज्या विद्यार्थ्याने शांत वेळी शेकडो कंठांवर क्रिकॉइड शोधली आहे, त्याचं बोट आणीबाणीत ती शोधताना अडखळणार नाही. कंठाच्या खुणा शिकवताना प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने दोन सवयी लावायला हव्यात. भूल देण्याआधी पटलाची जागा ओळखून ठेवायची, धोका दिसला तर त्वचेवर खूण करायची. आणि थायरॉइडच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी व नंतर दुर्बिणीने स्वरतंतूंची हालचाल पाहायची. रुग्णानेही शस्त्रक्रियेआधी निःसंकोच विचारावं, "माझे स्वरतंतू तपासले का?" या तपासणीला काही मिनिटं लागतात, आणि पुढच्या सगळ्या मोजमापांना तिच्यामुळे एक विश्वासार्ह सुरुवात मिळते.